फक्त एक हात फिरवा

मराठी भाषेत ‘फक्त’ या शब्दाइतका महागडा शब्द दुसरा नसेल. ‘फक्त दोन मिनिटं बोलायचं होतं’ असं म्हणून आलेला माणूस जेवूनच जातो, आणि ‘फक्त सह्या करायच्यात’ असं म्हणून पुढे केलेल्या कागदांपायी लोकांची घरंदारं गेलेली आहेत. पण या ‘फक्त’चा सर्वांत उग्र अवतार ज्याला बघायचा असेल त्यानं पटकथा लिहायला घ्यावी. पटकथा लिहून होते, निर्मात्याला वाचून दाखवली जाते, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं (हे पाणी मानधनाच्या आकड्यामुळे आलेलं नाही, अशी आपली समजूत असते), चहा येतो, आणि त्या चहाबरोबर ते वाक्य येतं : “झकास झालंय साहेब! आता फक्त यावर एक हात फिरवा.”

हात फिरवणे हा वाक्प्रचार ज्यानं शोधला त्याला पटकथा ठाऊक नव्हती हे उघड आहे. हात म्हशीच्या पाठीवरून फिरवतात, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात आणि दिवाळीच्या आधी भिंतीवर चुन्याचा हात फिरवतात. या सगळ्या हातफिरवणीत म्हैस म्हैसच राहते, मूल मूलच राहतं आणि भिंत आपल्या जागेवरून हलत नाही. पटकथेवर हात फिरवायचा म्हणजे मात्र भिंत पाडायची, ती तीन फूट मागे बांधायची, तोवर वरचा मजला आपल्या दोन हातांवर तोलून धरायचा, आणि आत राहणाऱ्या मंडळींना त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. आणि हे सगळं फुकट.

माझं भांडण या ‘फुकट’शी आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. हा लेख विनोदी लेखांच्या पुस्तकात जाणार असल्यामुळे वाचक हसतील ही भीती आहेच. त्यांनी खुशाल हसावं. पण हसताना एवढं ध्यानात ठेवावं, की इथे एका माणसाच्या घरभाड्याचा प्रश्न गुंतलेला आहे.

आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक शिंपीकाका आहेत. त्यांच्या दुकानात देवाच्या तसबिरीखाली एक पाटी आहे : ‘अल्टरचे पैसे वेगळे पडतील.’ बस्स. पाटीत ‘कृपया’ नाही, ‘क्षमस्व’ नाही. शर्टाची बाही अर्धा इंच कमी करायची असो की वाढलेल्या पोटासाठी पँट सैल करायची असो, पैसे वेगळे पडतात आणि गिऱ्हाईक ते खाली मान घालून देतं. शिंपीकाकांना अद्याप कोणी ‘पँट झकास झालीय, आता फक्त तिचा कोट करा’ असं म्हटलेलं नाही. म्हटलंच, तर तोंडातली टाचणी न काढता ते कोटाची शिलाई सांगतील. वकिलाकडे तारीख पडली की तारखेचे पैसे पडतात. गवंड्याला ‘हा बांधलेला ओटा फोडून खिडकीखाली घे’ म्हटलं, तर तो आधी तंबाखू मळतो, मग ओट्याकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो आणि आकडा सांगतो. तो आकडा ऐकून निम्मे लोक ओटा आहे तिथेच किती छान दिसतो हे एकमेकांना पटवू लागतात. निर्मात्यावर हा आकडा ऐकायची वेळच कधी येत नाही. त्यामुळे त्याला ओटा रोज नव्या भिंतीला लावून बघता येतो. फुकटच्या बदलाला विचार करावा लागत नाही, ही खरी मेख आहे. पाच हजार रुपये मोजावे लागले असते, तर निम्म्या सूचना त्याच्या जिभेवर येऊन परत फिरल्या असत्या.

ज्यांनी पटकथा लिहिलेली नाही (म्हणजे जे सुखात आहेत) त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. माझी एक पटकथा आहे. कोकणातला एक पोस्टमन, त्यानं तीस वर्षांपूर्वी एक पत्र मुद्दाम पोचवलं नाही, आणि त्या न पोचलेल्या पत्रावर दोन घरांची आयुष्यं वळली. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब असतो. माझी पानं ११५ होती, म्हणजे मध्यंतरातले वडे धरून अडीच तासांत मंडळी घरी. निर्मात्याला गोष्ट आवडली. रडलाही. आणि मग म्हणाला, “पोस्टमनऐवजी सरपंच करू या का? फक्त हुद्दा बदलायचाय. आमच्या पाव्हण्यांचा वाडा आहे, शूटिंगला फुकटात मिळेल.”

आता बघा हं. पोस्टमन सायकलवरून जातो. चढण आली की तो उतरतो आणि सायकल ढकलत चालू लागतो. त्या चढणीवर त्याची आणि एका बाईची रोज गाठ पडते, कारण तीही पाण्याची कळशी घेऊन त्याच वेळी वर येत असते. दोघं एकमेकांशी वर्षभर फक्त चढणीविषयी बोलतात. हे त्यांचं प्रेम. सरपंच जीपमधून जातो. जीप चढणीला उतरत नाही. म्हणजे प्रेम गेलं. प्रेम गेलं म्हणजे मत्सर गेला, आणि मत्सर गेला म्हणजे पत्र दडवायचं कारणच उरलं नाही. शिवाय सरपंचाच्या हाती दुसऱ्याचं पत्र येईल कुठून? मग पत्राच्या जागी ग्रामपंचायतीचा ठराव आला. आता, पत्र उराशी धरून माणूस रडू शकतो. गटाराच्या कामाचा ठराव उराशी धरून आजवर कोणी रडलेलं माझ्या पाहण्यात नाही. माझी नायिका तीस वर्षं एका पत्राची वाट बघणारी बाई होती, ती गटाराची वाट बघू लागली. ९२ प्रसंगांपैकी ६१ प्रसंग नव्यानं लिहावे लागले. दोन महिने गेले. आणि मग कळलं, की पाव्हण्यांच्यात भाऊबंदकी सुरू झाल्यामुळे वाडा मिळत नाही.

“मग परत पोस्टमनच करू या,” निर्माता म्हणाला, “फक्त पहिल्यासारखं करायचंय.”

पहिल्यासारखं! मधल्या काळात वितरकाच्या सांगण्यावरून कळशीवाल्या बाईला शिक्षिका केलेलं होतं, आणि शिक्षिका कळशी घेऊन चढण कशाला चढेल?

बरं, सूचना करणारा हा एकटाच असता तर एक वेळ त्याच्याशी पोटचं पोर समजून वागलो असतो. पण पटकथा हे या देशातलं एकमेव लिखाण असावं, जे वाचणाऱ्या प्रत्येकाला ते दुरुस्त करण्याचा जन्मसिद्ध अधिकार मिळतो. कादंबरी वाचून लोक फार तर ‘शेवट पटला नाही’ म्हणतात. पटकथा वाचून ते शेवट घेऊन येतात. दिग्दर्शकाचं मी समजू शकतो, त्याला उद्या उन्हात उभं राहून ते चित्रित करायचं आहे. पण निर्मात्याचा मेहुणा, मेहुण्याचा एक ‘फार वाचन असलेला’ मित्र, ओटीटीच्या ऑफिसातली ती अत्यंत गोड बोलणारी मुलगी, जिला ‘दुसऱ्या भागात काहीतरी कमी वाटतं’ पण काय ते सांगता येत नाही, आणि मध्यंतराला ‘धक्का’ पाहिजे म्हणणारे थिएटरवाले! प्रत्येकाचा धक्का वेगळा. एकाला अपघात हवा, दुसऱ्याला भूत. या सूचना कागदावर कधीच येत नाहीत. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेल्या असतात. अकरा अकरा मिनिटांचं ते बोलणं ऐकताना मागे कुकरच्या शिट्या मोजता येतात, आणि शेवटी वाक्य येतं : “म्हणजे तुम्हाला कळलं ना मला काय म्हणायचंय?”

हॉलिवूडमध्ये शूटिंगसाठी पक्की झालेली पटकथा बदलली, की बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापायची पद्धत आहे. पहिली पांढरी, मग निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी अशी ती रांग जाते. बाड हातात घेतलं की किती वेळा हात फिरला ते कडेवरूनच दिसतं. आपल्याकडे कागद अखेरपर्यंत पांढराच राहतो. रंग लेखकाच्या चेहऱ्याला चढतात.

आता पैशांचं बोलू. मराठी लेखकानं पैशांचं बोलणं असभ्य समजलं जातं, म्हणून जरा मोठ्यानंच बोलतो.

मला आजवर जी करारपत्रं बघायला मिळाली, त्यांत मानधन हप्त्यांत वाटलेलं असतं. सहीचा हप्ता, पहिल्या खर्ड्याचा हप्ता, अंतिम खर्ड्याचा हप्ता, आणि शूटिंगच्या पहिल्या दिवसाचा हप्ता. ऐकायला किती सुरेख! पण अंतिम खर्डा म्हणजे कितवा? तिसरा? सातवा? त्याचं उत्तर मागे कुठेतरी बारीक टायपात असतं : ज्या खर्ड्यानं निर्मात्याचं समाधान होईल तो. समाधान! अहो, ज्या गोष्टीसाठी ऋषिमुनी हिमालयात जाऊन बसले आणि तरी त्यांतल्या कित्येकांना ती मिळाली नाही, ती गोष्ट एका निर्मात्याला माझ्या ११५ पानांतून मिळायची. मिळाली की नाही हे त्यानंच ठरवायचं. आणि ‘मिळाली’ असं कबूल केल्याबरोबर पैसे त्यालाच द्यावे लागणार. असल्या परिस्थितीत कोणता शहाणा माणूस समाधानी होईल? मी निर्माता असतो तर मरेपर्यंत असमाधानी राहिलो असतो.

म्हणजे पहिल्या दोन हप्त्यांवर लेखकानं सात खर्डे लिहायचे. हिशेब मांडून बघा. चार महिन्यांच्या कामाचे म्हणून ठरलेले पैसे, तेही अर्धेच, पंधरा महिन्यांवर पसरले, की महिन्याला जो आकडा पडतो तो मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या सोसायटीतही हे पुस्तक कोणीतरी वाचेल आणि मेंटेनन्सच्या बाबतीत संशयानं बघू लागेल.

मग तो लेखक काय करतो? दुसरी कामं घेतो. इथून त्याच्यावर दुसरा आरोप सुरू होतो : “तुम्ही फार कामं घेता हो एका वेळी. म्हणून पटकथेत जीव उतरत नाही.” हा आरोप करणारा माणूस बहुधा तोच असतो ज्यानं तिसरा हप्ता अडवलेला असतो. पाण्याचा नळ बंद करायचा आणि वर ‘हल्ली तुम्ही शेजाऱ्यांकडून फार पाणी आणता बुवा’ म्हणायचं, त्यातली गत.

सध्या माझ्या टेबलावर पोस्टमनचा आठवा खर्डा आहे. एका दैनंदिन मालिकेचे संवाद आहेत. एका नाटकाचा दुसरा अंक आहे. दोन दिवाळी अंकांच्या कथा आहेत, त्यांतली एक गणपतीच्या आत द्यायची आहे. (१९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या पावसाळ्याची जी वाट लागली ती लागलीच.) आणि एका प्रेशर कुकरची जाहिरात आहे. लोकांना वाटतं ही प्रतिभेची कारंजी उडताहेत. ही कारंजी नव्हेत, हे गळक्या छताखाली ठेवलेले टोप आहेत.

बरं, ही कामं एकमेकांची सख्खी सोडा, चुलत भावंडंही नाहीत. मालिकेत जे घडायला हवं ते घडू द्यायचं नसतं. २२ मिनिटांचा भाग, आठवड्याला सहा, आणि भागांची ‘बँक’ संपत आली म्हणून प्रॉडक्शनवाल्यांचा दिवसाला चार वेळा फोन. तिथली आमची सासू गेले तीन आठवडे अतिदक्षता विभागात डोळे मिटून पडून आहे, कारण ते काम करणाऱ्या बाई एका चित्रपटाच्या शूटिंगला गेल्या आहेत. त्या परत येईपर्यंत सासूला मरूही द्यायचं नाही आणि बरंही वाटू द्यायचं नाही. नाटकात ते चालत नाही. दोन तास एकाच दिवाणखान्यात माणसं कोंडलेली. प्रत्येकाला आत यायला कारण लागतं आणि बाहेर जायला त्याहून मोठं कारण लागतं. ‘जरा दूध आणतो’ एका अंकात एकदाच चालतं. कथेत माणूस मनातल्या मनात काय म्हणतो ते सरळ लिहिता येतं. पटकथेत ती सोय नाही. तिथे जे दिसेल आणि जे ऐकू येईल तेवढंच लिहायचं. पोस्टमनला वाईट वाटलं, असं लिहून भागत नाही. तो पत्रांचा गठ्ठा दुसऱ्यांदा मोजतो, असं लिहावं लागतं. आणि ते ‘दुसऱ्यांदा मोजतो’ सुचायला कधी एक संध्याकाळ जाते, कधी एक आठवडा. त्या आठवड्यात सासू डोळे मिटून पडलेली असते आणि कुकर वाफ सोडत असतो.

तरीही माझं म्हणणं आहे, की अनेक कामं हा आजार नव्हे. हे ऐकल्यावर कोणीतरी वडीलधारं माणूस घसा साफ करून म्हणतंच, “पूर्वीचे लोक बघा. एकच काम घ्यायचे आणि त्यात स्वतःला गाडून घ्यायचे.” कोण होते हे पूर्वीचे लोक? मला तरी सापडत नाहीत.

आचार्य अत्रे घ्या. ‘श्यामची आई’ त्यांनी १९५३ साली पडद्यावर आणली आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळालं. हाच माणूस नाटकं लिहीत होता, ‘नवयुग’ चालवत होता, शाळकरी पोरांसाठी वाचनमाला करत होता, सभा गाजवत होता आणि १९५६ साली त्यानं ‘मराठा’ दैनिक काढलं. उरलेल्या वेळात भांडणं. गदिमा घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. वर्षभर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. आणि तेव्हा काय ते सिनेमा सोडून बसले होते? पडद्यासाठी त्यांचं लिहिणं चालूच होतं. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यांचाच. ‘गुळाचा गणपती’त १९५३ साली पु.लं.नी पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि वर अभिनय, असं जवळजवळ सगळंच केलं होतं. त्यांना ‘फार कामं घेता’ म्हणायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही दोन्ही नाटकं १९७२ या एकाच वर्षात रंगभूमीवर आली, आणि त्याच दशकात त्यांनी ‘सामना’, ‘निशांत’ आणि ‘सिंहासन’ लिहिले.

यांची प्रतिभा मोठी होती हे मला कोणी सांगायला नको. माझं बोट दुसरीकडे आहे. गीतरामायणातलं गीत ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हवेत जाणार होतं. गेलं की संपलं. पुढच्या आठवड्यात कोणी येऊन ‘सेतू बांधण्याऐवजी होड्या घेता येतील का, आमच्या ओळखीचा नावाडी आहे’ असं म्हणू शकत नव्हतं. नाटकाचा प्रयोग शनिवारी रात्री साडेआठला असतो; पडदा वर गेला की लेखकाचा हात थांबतो. दैनिक पहाटे छापलं जातंच. शेवट ठरलेली पाच कामं धडधाकट माणूस एका वेळी करू शकतो. पण ज्याला शेवटच नाही असं एकच काम घरात आलं, की ते बाकीच्या चारांना खाऊन टाकतं. हातातले पाच चेंडू झेलता येतात हो. वर गेलेल्या चेंडूनं खाली यायचं एवढं तरी पाळलं पाहिजे.

यावर निर्मातेमंडळींकडे एक हुकमी पत्ता असतो, तो म्हणजे ‘कासाब्लांका’. १९४२ सालचा तो अजरामर चित्रपट सुरू झाला तेव्हा त्याची पटकथा पूर्ण नव्हती, लेखकांच्या हातांमागून हात फिरत होते, पानं शूटिंग चालू असताना लिहिली जात होती, तरी केवढं काव्य झालं! खरं आहे. पण गोष्टीचा उरलेला अर्धा भाग कोणी सांगत नाही. एपस्टीन बंधू काय किंवा हॉवर्ड कॉख काय, हे लेखक वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओच्या पगारावर होते. एक पान लिहा की दहा वेळा लिहा, आठवड्याचा पगार हातात पडत होता. आपल्याकडेही ‘प्रभात’च्या काळी कलावंत आणि तंत्रज्ञ महिन्याच्या पगारावर असत, तिथे तालमी वाटेल तितक्या होत, कारण चूल पेटलेली असे. मला कोणी महिन्याचा पगार दिला तर मी पोस्टमनचा सरपंच करीन, सरपंचाचा मांत्रिक करीन, हवं तर एक तारखेपर्यंत पोस्टमनची सायकलसुद्धा बोलकी करीन. नगाच्या भावानं घ्यायचं आणि गड्यासारखं राबवायचं, हे मात्र कुठल्या बाजारात चालतं ते सांगा.

अमेरिकेतल्या पटकथाकारांच्या युनियननं हे दुखणं फार पूर्वी ओळखलं. तिथे पहिला खर्डा, पुनर्लेखन आणि शेवटची सफाई या वेगवेगळ्या पायऱ्या धरतात आणि प्रत्येक पायरीचा किमान दर ठरलेला असतो. आमच्या शिंपीकाकांचीच पाटी, फक्त इंग्रजीत. ती पाटी आपोआप लागलेली नाही. २००७-०८ साली ते लोक १०० दिवस संपावर होते, २०२३ साली १४८ दिवस. संप केवळ पुनर्लेखनासाठी नव्हते, पण २०२३ च्या समझोत्यात एक कलम असं आलं, की कमी मानधनावर पहिला खर्डा लिहिणाऱ्या लेखकाला दुसऱ्या, पैसे मिळणाऱ्या पायरीची हमी द्यायची. म्हणजे, बाबांनो, हात फिरवून घ्यायचाच आहे ना, मग त्याचेही मोजा. तिकडे सगळं रामराज्य आहे असं माझं म्हणणं नाही. तिथे तुमच्या पटकथेवर हात फिरवायला तुम्हाला काढून दुसऱ्यालाच बसवतात. पण त्या दुसऱ्याला तरी पैसे देतात!

आपल्याकडे कायदा अगदीच आंधळा नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं, चित्रपटाचा थिएटरबाहेर जो वापर होतो त्याच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा शाबूत ठेवला. वारस किंवा हक्क सांभाळणारी संस्था सोडली, तर तो कोणाला लिहून देता येत नाही. लेखकाला स्वतःच्या मुखदुर्बळपणापासून वाचवणारा कायदा म्हणून त्याला माझा नमस्कार. पण रॉयल्टी मिळायची तर चित्रपट व्हायला हवा, आणि चित्रपट व्हायचा तर निर्मात्याचं समाधान व्हायला हवं. आलो का पुन्हा हिमालयात?

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा माणूस स्वतःच्या लिखाणाला कोणी बोट लावू देत नाही असं तुम्हाला वाटेल. पुनर्लेखनाला माझा विरोध नाही. पटकथा ही लिहून होतच नाही, ती पुन्हा लिहूनच होते. पोस्टमनच्या चौथ्या खर्ड्याच्या वाचनाला एक वयस्कर अभिनेत्री आल्या होत्या. न पोचलेलं पत्र अखेर त्या बाईच्या हाती पडतं, तो प्रसंग वाचून झाला. दोन पानांचं तिचं बोलणं होतं, आणि खोलीत सगळे गप्प होते. त्या बाई चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, “ही एवढं बोलायची नाही रे. तीस वर्षं बोलली नाही, आज कशाला बोलेल? ही चष्मा शोधेल.” मी घरी गेलो आणि दोन पानं काढून टाकली. बाई चष्मा शोधते. चष्मा तिच्या कपाळावरच असतो, आणि समोर उभा असलेला पोस्टमन ते तिला सांगत नाही. तीन दिवस लागले त्या सहा ओळींना. मालिकावाले फोन करून थकले. त्या सूचनेबद्दल त्या बाईंना पदरचे पैसे द्यायला मी तयार होतो.

ही सूचना आणि वाड्याची सूचना यांत फरक आहे. पहिली माझ्या गोष्टीतल्या बाईकडे बघून केलेली होती. दुसरी पाव्हण्यांकडे बघून. निर्मात्यालाही भीती असते हे मला कळतं. त्याचे पैसे अडकलेले असतात, कधी घर गहाण असतं. पण त्याची भीती पातळ व्हावी म्हणून माझी गोष्ट पातळ करायची, आणि त्या पातळ करण्याची मजुरीही मीच सोसायची, हे मला मान्य नाही.

म्हणून यंदा एक नवा निर्माता दारी आला तेव्हा मी त्याला बोलण्याआधी एक पत्र धाडलं. त्यात लिहिलं, की ठरलेल्या पैशांत दोनदा हात फिरवीन. तिसऱ्यांदा फिरवायचा तर अल्टरचे पैसे वेगळे पडतील. सगळ्यांच्या सूचना एकाच कागदावर याव्यात, त्याखाली एकाच माणसाची सही असावी, आणि मेहुण्यांनी आपसांत काय ते मिटवून मग माझ्याकडे यावं. खर्डा हाती दिला की पंधरा दिवसांत हप्ता मिळावा. समाधान ज्यानं त्यानं सवडीनं शोधावं. वर्षभरात काम सुरू झालं नाही, तर पटकथा माझी मला परत. एकूण सहा कलमं झाली. तीन मित्रांना वाचून दाखवली. एकानं वकील सुचवला, एकानं डॉक्टर.

आठ दिवस काही नाही. मग काल रात्री, मी सासूचं एक बोट हलवत होतो (चॅनलचा आग्रह), तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं उत्तर आलं :

“पत्र वाचलं. छान आहे. पण पहिली दोन कलमं जरा स्लो वाटतात.”